पाच तास सात मिनिटं

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास गणराजला कळून चुकलं, की आपण जे सुरू केलंय ते आता मधेच थांबवता येणार नाही.

समोर बायकोचा, दिव्याचा, लॅपटॉप होता. स्क्रीनवरची निळी पट्टी डाव्या टोकाला नखाएवढी भरली होती आणि तिच्याखाली शिल्लक वेळ दिसत होता: पाच तास सात मिनिटं. गणराजचा अंदाज अर्ध्या तासाचा होता. त्याने रद्द करायच्या बटणाला हात घातला, तर सूचना आली की आत्ता थांबवलंत तर आतल्या माहितीचं गंभीर नुकसान होऊ शकतं. त्याने बाण हळूच बाजूला नेला आणि तो हात मांडीखाली दाबून बसला.

गणराज मूळचा औशाजवळचा. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला अकरा वर्षं झाली होती. मशीन उघडायचं, काय अडलंय ते बघायचं, मोकळं करून पुन्हा चालू करायचं, यात त्याचा हात धरणारं खात्यात कोणी नव्हतं. त्याच भरवशावर त्याने आज सकाळी बायकोच्या लॅपटॉपला हात घातला होता. बायकोला न विचारता.

दिव्या मोशीला ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. तिथून शिकून गेलेली मुलं कारखान्यांत लागली, आणि तिच्या लक्षात आलं की त्यांच्या हातांत कारखान्याचे शब्दच नाहीत. आई, पाणी, शाळा, लग्न यांना खुणा होत्या. डाय, कूलंट, गॅस गळतोय, क्रेनखालून बाजूला हो, यांना नव्हत्या. ज्याने त्याने आपापल्या कंपनीत काहीतरी जुळवून घेतलं होतं. चाकणची खूण भोसरीत कळत नव्हती. मग तिने अकरा जण गोळा केले. दर सुट्टीला कोणीतरी घरी यायचं, एकेका शब्दावर वाद व्हायचा, खूण ठरायची आणि तिचा छोटा व्हिडिओ काढला जायचा. तीन वर्षांत अकराशे चाळीस व्हिडिओ झाले होते. सगळे या लॅपटॉपवर.

लॅपटॉप जुना, कोणाकडून तरी घेतलेला. शाळेतल्या एका सरांनी त्यात लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकून दिली होती. पण डिस्कचा पुढचा जवळजवळ अर्धा भाग जुन्या मालकाच्या विंडोजने अडवलेला होता. त्याचा पासवर्ड कोणाला माहीत नव्हता, आणि ते कोणी उघडतही नव्हतं. मागच्या भागात दिव्याचे व्हिडिओ दाटीवाटीने कोंबलेले. गेला आठवडाभर डिस्क भरल्याची ओरड चालू होती. दिव्या रोज रात्री काहीतरी पुसायची. काल तिने लग्नातले फोटो पुसले आणि लॅपटॉप मिटून झोपली.

गणराजला ते सहन झालं नाही. आज त्याची सुट्टी होती, दिव्याच्या शाळेलाही. दिव्या सकाळी सातलाच आळंदीच्या एका दवाखान्यात गेली होती. तिथे ऐकू न येणारी एक बाई बाळंत होणार होती, आणि डॉक्टरचं बोलणं तिला हातांनी सांगायला दिव्या हवी होती. तेवढ्यात काम उरकून टाकू, संध्याकाळी ती लॅपटॉप उघडेल तर आत मोकळं मैदान, असं त्याच्या मनात होतं. त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला, पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप चालू केला, विंडोजचा भाग उडवला आणि लिनक्सच्या भागाची कड धरून डावीकडे ओढली. व्हिडिओतला माणूस सुरुवातीलाच म्हणाला होता, आधी सगळ्याची एक प्रत काढून ठेवा. पण एवढी मोठी प्रत ठेवायला घरात दुसरी डिस्क नव्हती.

जागा मागे जोडायची असती तर चटकन झालं असतं. पुढची जागा घ्यायची म्हणजे आतलं सगळं सामान कणाकणाने उचलून पुढे आणून मांडावं लागतं, हे त्याला बटण दाबल्यावर कळलं. ते पुरं होईपर्यंत अर्धं नव्या जागी, अर्धं जुन्या. मधेच लॅपटॉप बंद पडला तर धड काहीच हाती लागणार नव्हतं.

ठीक आहे, पाच तास तर पाच तास, असं म्हणून तो उठला. चहा टाकला आणि सहज मोबाईल हातात घेतला. सोसायटीच्या ग्रुपवर काल संध्याकाळचा मेसेज पडला होता. पार्किंगच्या भांडणानंतर त्याने तो ग्रुप बंद करून ठेवला होता. 'उद्या गुरुवार, दुरुस्तीच्या कामासाठी सकाळी १० ते दुपारी ३ लाईट बंद राहील.'

त्याने मेसेज दोनदा वाचला. गुरुवारी लाईट जाते हे त्यांच्या चऱ्होलीत शेंबड्या पोराला माहीत होतं. लॅपटॉपची बॅटरी पार बसली होती. वायर काढली की कधी तीन मिनिटं चालायची, कधी दीड. घड्याळात नऊ वाजून बावीस मिनिटं झाली होती. चहा उतू गेला. त्याने गॅस बंद केला आणि तसाच चप्पल न घालता खाली पळाला.

सोसायटीचे चेअरमन दादासाहेब तळमजल्यावर राहायचे. इमारत उभी होती ती जमीन त्यांचीच. साठी उलटली होती, सकाळचा वेळ पार्किंगमधल्या खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवण्यात जायचा.

"दादा, आज जनरेटर चालू करणार ना?"

"लिफ्टपुरता. का रं?"

"आमच्या घरात त्याची लाईट मिळेल का? एकच पॉइंट. लॅपटॉपला."

"घरात न्हाई येत. लिफ्ट, पाण्याची मोटर आन जिन्यातलं दिवं, एवढंच हाय त्याच्यावर." दादासाहेबांनी त्याच्या अनवाणी पायांकडे बघितलं. "घिऊन ये की लॅपटॉप वर लिफ्टच्या खोलीत. हाय तिथं प्लग."

"हलवता येत नाही दादा. आत डिस्क फिरतेय. धक्का लागला तर संपलं."

"मग वायर वढ खाली. गच्चीत मंडळाच्या लायटिंगचा रोल हाय. पर बारापर्यंतच हां. डिझेल कमी हाय."

गणराज वर पळायला वळला तर फाटकातून नागसेन बाईक ढकलत आत येत होता. नागसेन मूळचा नांदेडकडचा, तिशीचा. तो चाकणलाच गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधायच्या लाईनवर होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दिव्याच्या अकरा जणांतला तो पहिला, आणि निम्म्याहून जास्त व्हिडिओंत त्याचेच हात होते. आज दहा वाजता त्याचे काही शब्द काढायचे ठरले होते. आळंदीच्या गडबडीत दिव्या त्याला कळवायला विसरली असणार.

नागसेनने भुवया उंचावून विचारलं, काय?

गणराजला खुणा येत नव्हत्या. तीन वर्षं हे सगळं घरात चाललं होतं आणि तो बाहेरच्या खोलीत क्रिकेट बघत बसायचा. त्याने मोबाईल काढून लिहिलं: 'लाईट जाणार. लॅपटॉप बंद पडू द्यायचा नाही. गच्चीवरून वायर आणायची.'

नागसेनने वाचून लिहिलं: 'का? काय चालू आहे त्यात?'

गणराजचं बोट क्षणभर थांबलं. मग त्याने लिहिलं: 'चार्जिंग.'

नागसेनने एकदा त्याच्याकडे नीट बघितलं आणि बाईक स्टँडला लावली.

वायरचा रोल सापडला. जागोजागी तोडून जोडलेला, वर जुनी चिकटपट्टी. नागसेनने तो गच्चीवर उलगडला, हाताने चाचपत तीन जोड नव्याने केले आणि टेस्टर लावून तपासले. त्याचे हात झरझर चालत होते. गणराज मात्र दर दोन मिनिटांनी जिना उतरून पट्टी बघून येत होता. चार तास एकेचाळीस मिनिटं. पुन्हा वर. पुन्हा खाली. चार तास अडतीस.

मग नागसेन गच्चीच्या कठड्यावरून वायर सोडू लागला आणि गणराज चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घराच्या खिडकीतून वाकून ती पकडू लागला. वायर पाचव्या मजल्यावरच्या कुंडीत अडकली. "अरे डावीकडे! डावीकडे घे!" गणराज ओरडला. समोरच्या इमारतीतल्या दोन बायका बाहेर आल्या. नागसेनला अर्थातच काही कळलं नाही. गणराजने हात हलवले, तर नागसेनने वायर आणखी सैल सोडली आणि ती कुंडीला गुंडाळली गेली. गणराज कपाळाला हात लावणार तोच त्याचा मोबाईल थरथरला. नागसेनचा व्हिडिओ कॉल होता. स्क्रीनवर नागसेनने आधी आपला डावा हात दाखवला, मग उजवा, मग विचारल्यासारखी मान हलवली. कुठला? गणराजने डावा हात वर केला. वायर सुटली, सरसरत खाली आली. नागसेनने वरचं टोक लिफ्टच्या खोलीतल्या प्लगला लावलं.

दहाला सात मिनिटं होती. लॅपटॉपची पिन भिंतीतून काढायची आणि वायरच्या टोकाला जोडलेल्या बोर्डात घालायची, एवढंच काम. गणराज रोज चारशे चाळीस व्होल्टचे पॅनेल उघडायचा, पण आता त्याने मनात तीन अंक मोजले. त्याने पिन उपटली. स्क्रीन अंधूक झाली. पिन आत गेली. स्क्रीन उजळली.

दहा वाजून चार मिनिटांनी डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला.

इमारत एकदम शांत झाली. लॅपटॉपची स्क्रीन पुन्हा अंधूक. बॅटरीचा आकडा चौतीस, मग एकदम एकवीस. खाली जनरेटरची किल्ली फिरल्याचा आवाज आला, खर्र खर्र झालं आणि विझलं. गणराजने खिडकीतून मान बाहेर काढली. "दादा! लवकर!"

"चालू व्हतोय रं! थंड हाय त्यो!"

बारा. नऊ. पुन्हा खर्र खर्र. गणराज स्क्रीनसमोर गुडघ्यांवर बसला होता आणि तोंडाने कोणाची तरी विनवणी करत होता. सहा. मग खाली धडधड सुरू झाली, काळा धूर खिडकीपर्यंत आला आणि चार्जरवरचा बारीक हिरवा दिवा लागला.

गणराज जमिनीवरच बसून राहिला. पट्टी अजून चौथ्या हिश्श्यालाही पोचली नव्हती.

पुढचे दोन तास त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. बसवत नव्हतं. भांडी घासली, न मळलेला ओटा पुसला. दिव्याला फोन करावा म्हणून चार वेळा नंबर काढला आणि चार वेळा ठेवून दिला. तिथे एक बाई कळा देत असेल, दिव्याचे हात गुंतलेले असतील, असं तो स्वतःला सांगत होता. खरं कारण ते नव्हतं. नागसेन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून त्याची येरझार बघत होता. त्याने दोनदा स्क्रीनकडे बोट करून विचारलं. गणराजने दोनदा मान हलवली, काही नाही.

बाराला पाच मिनिटं असताना दोघं खाली गेले. दादासाहेब जनरेटरपाशीच उभे होते.

"झालं का तुजं?"

"दादा, अजून दोन तास लागतील."

"दोन तास? आरं, टाकीच्या तळाला लागलं डिझेल. असं काय हाय त्यात?"

"दिव्याचं तीन वर्षांचं काम आहे. सगळे व्हिडिओ. मी जागा वाढवायला गेलो. मधे बंद पडलं तर सगळं जाईल."

दादासाहेबांनी हातातली गुटख्याची पुडी खिशात परत ठेवली. "तिला म्हाईत हाय?"

"नाही."

"आन ह्याला?" त्यांनी नागसेनकडे मान केली. "सकाळधरनं वायर खांद्यावर टाकून पळतोय."

आपल्यावर बोलणं चाललंय हे नागसेनला त्या दोघांच्या नजरांवरूनच कळलं. त्याने मोबाईल पुढे केला. गणराजने लिहिलं, 'डिझेल पाहिजे.' नागसेनने कोपऱ्यातला कॅन उचलला आणि बाईकला लाथ मारली.

"मानूस चांगला हाय," दादासाहेब धुराकडे बघत म्हणाले. "उगा फसवू नको."

एक वाजायला आला तेव्हा घराचं दार उघडलं. दिव्या आत आली, तिच्यामागे डिझेलचे हात पुसत नागसेन. तो तिला फाटकातच भेटला होता. सकाळपासूनची वायरची आणि डिझेलची धावपळ त्याने तिला सांगितली होती. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती सरळ लॅपटॉपपाशी गेली. बराच वेळ वाकून बघत राहिली.

"मुलगी झाली तिला," ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली. मग, "विंडोज काढलंत?"

"हो. तुला जागा मिळावी म्हणून..."

"आणि कॉपी?"

"नाही काढली."

ती खुर्चीवर बसली. तिचा आवाज चढेल याची गणराज वाट बघत होता. तो चढला नाही.

"मला एक फोन करायचा होता, अहो. सकाळी, हात लावायच्या आधी."

"तू रोज फोटो पुसत होतीस. मला बघवेना."

"म्हणून विचारायचं नाही?" ती एकदम वळली. "आणि ह्याला काय सांगितलंत? चार्जिंग?"

"चुकलं माझं," गणराज म्हणाला.

"माझी माफी नका मागू. हे एकटीचं नाहीये माझं. त्याला सांगा."

गणराजने मोबाईल काढला. दिव्याने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. "हातांनी."

"मला येत नाही."

"माहितीये."

मग गणराजने सांगितलं. त्याने लॅपटॉपकडे बोट केलं. व्हिडिओ कसे दाखवावे कळेना, म्हणून नागसेनचे हात दाखवले. आपल्या छातीवर हात ठेवला, मी. हवेत एक खोका काढला, तो उचलून एका बाजूला सरकवला. मग छतावरच्या बंद बल्बकडे बोट केलं आणि दोन्ही तळवे झटकले. गेलं असतं. सगळं. त्याचा चेहरा तापला होता. दिव्याने एकदाही मदत केली नाही.

नागसेन सगळं बघत होता. समजलं तसा त्याचा चेहरा बदलत गेला. त्याने दोन बोटं वर केली, स्क्रीनकडे दाखवलं, मग गणराजकडे. दिव्याने हळू आवाजात बोलून दाखवलं: "मी दोनदा विचारलं. तू दोनदा नाही म्हणालास."

"हो," गणराज म्हणाला.

आता नागसेन दिव्याकडे वळला. त्याचे हात इतके जोरात चालले की टेबलावरची पेनं पडली. दिव्या बघत राहिली. बोलून दाखवायचं विसरली.

"काय म्हणाला?" गणराजने विचारलं.

तिने पेनं उचलून टेबलावर ठेवली. "म्हणाला, तू पण. अकरा माणसांचे हात, आणि एका जुन्या लॅपटॉपवर. तीन वर्षं. आम्हाला एकदा पण दिले नाहीस. चोर आला असता, पाण्यात पडला असता. तेव्हा कोणाला विचारलं असतंस?"

ती नागसेनला काही उत्तर देऊ लागली, पण तिचे हात अर्ध्यात थांबले. नागसेन दार उघडून निघून गेला.

ते दोघं पट्टीसमोर बसून राहिले. पस्तीस मिनिटं. एकतीस. खाली जनरेटर धडधडत होता. मधेच एकदा त्याचा आवाज खोल गेला, गणराज ताडकन उठून खिडकीशी गेला. खाली नागसेन टाकीपाशी उकिडवा बसून नरसाळ्यातून डिझेल ओतत होता. आवाज पुन्हा सावरला. नागसेनने वर बघितलं नाही.

दोनला तीन मिनिटं कमी असताना पट्टी भरली आणि सगळी कामं नीट झाल्याची ओळ आली. दिव्याने पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉप नव्याने चालू केला. काळ्या स्क्रीनवर अक्षरं धावली, थांबली. गणराजने टेबलाची कड धरली. मग अक्षरं पुढे सरकली आणि तिचा नेहमीचा पडदा उघडला. तिने व्हिडिओंचा आकडा बघितला. अकराशे चाळीस. तेवढ्यावर तिचा विश्वास बसेना. ती एकेक उघडून बघू लागली, पहिला, मग मधला, मग कुठलाही. तीन वाजता लाईट आली तरी ती बघतच होती. गणराजने वायर गुंडाळून गच्चीवर ठेवली आणि खाली जाऊन दादासाहेबांना सांगितलं. नागसेनची बाईक फाटकापाशी नव्हती.

संध्याकाळी नागसेनचा मेसेज आला, दोघांनाही. 'सगळ्यांना कॉपी. या आठवड्यात. मग मी पुढचे शब्द करणार.'

दिव्याने उत्तर लिहायला वेळ घेतला. शेवटी एवढंच लिहिलं: 'बरोबर आहे.'

पुढच्या गुरुवारी कॉप्या वाटायचं काम गणराजने स्वतःहून घेतलं. पहिलं घर थेरगावला, डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत, अकरा जणांतल्याच यशोदाबाईंचं. पन्नाशीच्या यशोदाबाई हिंजवडीच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करायच्या. आठवडाभर दिव्याकडून तीन खुणा शिकून, आरशासमोर घोटून गणराज आला होता. माझी, चूक, माफ करा. दार उघडल्याबरोबर त्याने त्या करून दाखवल्या.

यशोदाबाईंनी त्याच्याकडे बघून हात झटकला, असू दे, आणि त्याच्या हातातला पेन ड्राइव्ह काढून घेतला. तो टीव्हीला लावला. आपले व्हिडिओ शोधून त्या समोर बसल्या. दोन-तीन बघून मान डोलावली. चौथ्याला त्यांनी टीव्ही थांबवला आणि गणराजला दंडाला धरून पुढे ओढलं. व्हिडिओच्या खाली लिहिलं होतं, 'गॅस गळतोय'. त्यांनी पडद्यावरच्या स्वतःच्याच हाताकडे बोट केलं आणि जोरात मान हलवली. चुकलंय. नाकापाशी नेलेला हात नीट दिसतच नव्हता, पदराआड गेला होता. घाईत असलेल्या माणसाला ते कळणार कसं?

गणराज म्हणाला, "दिव्याला सांगतो." त्यांना ते ऐकू गेलं नाही आणि गेलं असतं तरी चाललं नसतं. त्यांनी पदर कमरेला खोचला, खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्याच्या खिशातल्या मोबाईलकडे बोट केलं.

पहिल्या वेळी गणराजचा हात हलला. दुसऱ्या वेळी त्यांची बोटं चौकटीबाहेर गेली. तिसरा व्हिडिओ त्याला बरा वाटला, पण यशोदाबाईंनी बघून नापास केला. गल्लीत रिक्षा हॉर्न देत होत्या. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला. त्याने एक पाऊल मागे जाऊन मोबाईल दोन्ही हातांनी धरला, त्यांना मानेने खूण केली आणि चौथ्यांदा बटण दाबलं.